हार्ड डिस्कची विभागणी : संगणकावर नवी प्रणाली बसविण्यापूर्वी करावयाचे नियोजन

संगणक आता केवळ शहरातील मोठ्या कचेऱ्यांपुरता मर्यादित राहिलेला नाही. ग्रामपंचायत, प्राथमिक शाळा, सहकारी संस्था, वाचनालय, इतकेच नव्हे तर अनेक घरांतूनही तो नित्य वापरात आला आहे. पूर्वी कपाटात आणि दप्तरात राहणारे कागद आज संगणकाच्या पोटात राहतात. विद्यार्थ्यांच्या गुणांच्या नोंदी, सभांची इतिवृत्ते, कराच्या पावत्या, पत्रव्यवहार हे सारे तेथेच असते. अशा वेळी संगणकावर नवी कार्यकारी प्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम, बसविण्याचा प्रसंग आला म्हणजे या कागदांचे काय होणार, हा प्रश्न प्रत्येकाने आधी स्वतःस विचारणे अगत्याचे आहे.

हा प्रसंग सध्या अनेकांवर आलेला आहे. 'विंडोज १०' या बहुप्रचलित प्रणालीस मिळणारे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी समाप्त झाले. तिच्या जागी 'विंडोज ११' बसवावी, तर तिला ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण आणि सुरक्षेची विशिष्ट यंत्रणा (टीपीएम २.०) असणारे यंत्र लागते. जुन्या यंत्रांपैकी अनेकांत ही सोय नाही. यास्तव कित्येक शाळा व संस्था 'लिनक्स' या मुक्त प्रणालीचा विचार करीत आहेत. केरळ राज्यातील शाळांतून अशी मुक्त प्रणाली दीर्घकाळ वापरात आहे. भारत सरकारच्या 'सी-डॅक' या संस्थेनेही २००७ साली 'बॉस' नावाची लिनक्सवर आधारित प्रणाली उपलब्ध करून दिली. प्रणाली कोणतीही निवडा. ती बसविताना डिस्कची विभागणी कशी असावी, हा प्रश्न टळत नाही. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

विभागणी म्हणजे काय?

हार्ड डिस्क ही एकच वस्तू असली तरी तिच्यावरील जागेचे स्वतंत्र भाग पाडता येतात. अशा प्रत्येक भागास 'पार्टिशन' म्हणतात. आपण ज्यास सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह म्हणतो ते बहुधा एकाच डिस्कचे असे भाग असतात. (ए आणि बी ही अक्षरे पूर्वी फ्लॉपीसाठी राखलेली असत, म्हणून हार्ड डिस्कची गणना सी पासून सुरू झाली, ती प्रथा आजही चालू आहे.)

गोव्यातील खाजन शेतीशी ज्यांचा परिचय आहे त्यांस ही कल्पना सहज उमगेल. खाजनात आतील बांधांनी शेतांचे भाग पाडलेले असतात. एका भागात पाणी साचले तरी शेजारचा भाग कोरडा राहू शकतो. तद्वत् एक पार्टिशन पूर्ण भरले तरी त्याचा भार दुसऱ्यावर पडत नाही. एक पुसून नव्याने तयार केले तरी दुसऱ्यातील मजकूर शाबूत राहतो. परंतु नदीच्या बाजूचा मुख्य बांध फुटला तर खारे पाणी सर्वच शेतांत शिरते. हार्ड डिस्कच नादुरुस्त झाली तर तिच्यावरील सर्वच पार्टिशने एकदम जातात. म्हणूनच विभागणी ही सोय आहे, संरक्षण नव्हे, हे प्रारंभीच ध्यानात ठेवावे. 'महत्त्वाचे कागद डी ड्राइव्हवर आहेत, तेव्हा चिंता नाही' हा समज सर्वत्र आढळतो आणि तो घातक आहे.

विभागणी करावी ती कशासाठी?

तिचा मुख्य लाभ एकच, परंतु मोठा आहे. प्रणाली एका भागात आणि आपले कागद दुसऱ्या भागात असतील, तर प्रणाली बिघडल्यावर पहिला भाग पुसून ती पुन्हा बसविता येते व दुसऱ्या भागास हात लावावा लागत नाही. विंडोजमध्ये हेच काम सी व डी ड्राइव्हने होते. लिनक्समध्ये प्रणालीच्या भागास 'रूट' व वापरणाऱ्यांच्या कागदांच्या भागास 'होम' म्हणतात. दुसरा लाभ असा की, एकाच यंत्रावर दोन प्रणाली नांदविता येतात; कारण प्रत्येकीस स्वतःच्या पद्धतीने मांडलेला वेगळा भाग लागतो.

तथापि गरजेपेक्षा अधिक भाग पाडणे इष्ट नाही. पाच-सहा ड्राइव्ह पाडलेल्या संगणकांत एक भाग काठोकाठ भरलेला आणि दुसरा रिकामा, असे दृश्य वारंवार दिसते. रिकामी जागा असूनही ती हव्या त्या ठिकाणी मिळत नाही. सामान्य वापरासाठी प्रणालीचा एक व कागदपत्रांचा एक, असे दोन मोठे भाग पुरेसे होत.

डिस्कवरील नकाशा : जुनी व नवी पद्धत

कोणता भाग कोठे सुरू होतो व कोठे संपतो याची नोंद डिस्कच्या आरंभी ठेवलेली असते. जमिनीच्या बाबतीत जे स्थान मोजणीच्या नकाशाचे, तेच येथे या नोंदीचे. तिच्या दोन पद्धती आहेत.

पहिली 'एमबीआर'. ही १९८३ मध्ये आली. तीत चारच मुख्य भागांची नोंद करता येते. अधिक हवे असल्यास चारांपैकी एक भाग 'विस्तारित' ठरवून त्याच्या पोटात उपविभाग करावे लागतात. शिवाय सर्वसाधारण डिस्कवर सुमारे २.२ टेराबाइटपलीकडील जागा या पद्धतीस मोजताच येत नाही.

दुसरी 'जीपीटी'. तीत सामान्यतः १२८ भागांची नोंद होऊ शकते. नोंदीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते, ही तिची विशेष सोय होय. आरंभीची नोंद बिघडल्यास त्या प्रतीवरून ती पुन्हा उभी करता येते. गेल्या दहा-बारा वर्षांतील बहुतेक यंत्रे 'यूईएफआय' या नव्या पद्धतीने सुरू होतात व त्यांस जीपीटी योग्य ठरते. नवी स्थापना करताना यंत्र तयार असेल तर जीपीटीच निवडावी.

येथे एक सूचना आवश्यक आहे. यंत्रावर विंडोज आधीपासून असेल आणि तिच्या शेजारी लिनक्स बसवावयाची असेल, तर ती ज्या पद्धतीने सुरू होते त्याच पद्धतीने स्थापनेचा पेनड्राइव्हही सुरू करावा. एक जुन्या व दुसरी नव्या पद्धतीने बसविल्यास दोहोंतून निवड करण्याची सूची नीट चालत नाही.

कोणत्या भागास किती जागा?

प्रथम हिशेबातील एक घोटाळा दूर करू. डिस्कच्या वेष्टनावर ५०० जीबी लिहिलेले असते, पण विंडोज सुमारे ४६५ जीबी दाखविते. यात कोणी फसविलेले नसते. उत्पादक एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात, तर विंडोज १,०७,३७,४१,८२४ बाइट धरते. याच न्यायाने १ टेराबाइटचे सुमारे ९३१ व २५६ जीबीचे सुमारे २३८ जीबी होतात. नियोजन करताना हा दुसरा आकडा धरावा.

आता भाग पाहू.

(१) आरंभाचा भाग. यूईएफआय यंत्रास सुरू होण्यासाठी 'ईएफआय' नावाचे छोटे पार्टिशन लागते. विंडोज ते बहुधा १०० एमबीचे करते. दोन प्रणाली ठेवावयाच्या असल्यास ५०० एमबी ते १ जीबी ठेवणे बरे. हा भाग लहान दिसतो म्हणून निरुपयोगी समजून पुसू नये. तो गेल्यास यंत्रावरील एकही प्रणाली सुरू होणार नाही.

(२) प्रणालीचा भाग. 'उबुंटू' या लिनक्स प्रणालीस किमान २५ जीबी जागा सांगितली जाते. परंतु पुढे भर पडणाऱ्या प्रणालींचा विचार करता ५० ते ६० जीबी ठेवावी. विंडोज ११ साठी ६४ जीबी ही केवळ किमान अट आहे. अद्ययावतीकरणाच्या वेळी तिला बरीच मोकळी जागा लागते, म्हणून सी ड्राइव्ह १५० ते २०० जीबीचा असावा. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला की यंत्र मंदावते व सुरक्षेची अद्ययावत प्रत बसेनाशी होते.

(३) अदलाबदलीचा भाग, अर्थात 'स्वॅप'. यंत्राची स्मृती (रॅम) अपुरी पडल्यास लिनक्स काही मजकूर तात्पुरता डिस्कवर नेऊन ठेवते. स्मृतीच्या दुप्पट स्वॅप असावा, हा नियम स्मृती अतिशय महाग होती त्या काळचा आहे. आज ४ जीबी स्मृतीच्या यंत्रास ४ ते ८ जीबी स्वॅप पुरेसा होतो. चालू काम डिस्कवर ठेवून यंत्र पूर्ण बंद करण्याची सोय (हायबरनेट) हवी असेल, तर मात्र स्वॅप निदान स्मृतीइतका असावा. अलीकडे स्वतंत्र पार्टिशनऐवजी रूटमध्येच एक स्वॅप फाइल ठेवण्याची प्रथा पडली आहे, तीही चालते.

(४) कागदपत्रांचा भाग. उरलेली जागा होम किंवा डी ड्राइव्हसाठी ठेवावी.

दोन नमुने

पहिला नमुना शाळेचा. यंत्र जुने, स्मृती ४ जीबी, डिस्क ५०० जीबीची आणि केवळ लिनक्स बसवावयाची, असे समजू. वापरण्याजोगी ४६५ जीबी जागा अशी वाटावी : आरंभाचा भाग अर्धा जीबी, रूट ५० जीबी, स्वॅप ८ जीबी, होम उरलेले सुमारे ४०६ जीबी. होम वेगळे असल्याने तीन-चार वर्षांनी नवी आवृत्ती बसविताना केवळ रूट पुसावे लागेल व शिक्षकांचे आणि मुलांचे काम जागच्या जागी राहील.

दुसरा नमुना कार्यालयाचा. हिशेबाची प्रणाली केवळ विंडोजवर चालते, म्हणून ती ठेवणे भाग आहे. इतर कामास लिनक्स हवी आहे. डिस्क १ टेराबाइटची, म्हणजे ९३१ जीबी. आरंभाचे व दुरुस्तीचे लहान भाग मिळून सुमारे ३ जीबी. सी ड्राइव्ह २०० जीबी. रूट ६० जीबी. स्वॅप ८ जीबी. होम ६० जीबी. दोन्ही प्रणालींस सामाईक कागदपत्रांचा भाग ५०० जीबी. आणि १०० जीबी जागा कोणासही न देता मोकळी. ही मोकळी जागा पुढे अडचणीच्या वेळी उपयोगी पडते.

सामाईक भागाची मांडणी 'एनटीएफएस' पद्धतीची ठेवावी. ती विंडोजची स्वतःची असून लिनक्सलाही वाचता-लिहिता येते. उलटपक्षी लिनक्सच्या 'ईएक्सटी-४' मांडणीचा भाग विंडोजला सहजासहजी वाचता येत नाही. ती तो भाग 'फॉरमॅट करावा काय?' असे विचारते, तेव्हा होकार देऊ नये. जुनी 'फॅट-३२' मांडणी दोघींसही चालते, परंतु तीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. सामाईक भाग वापरावयाचा असल्यास विंडोजमधील 'फास्ट स्टार्टअप' ही सोय बंद करावी. ती चालू असता विंडोज पूर्णपणे बंद होत नाही व अशा अवस्थेत लिनक्समधून त्या भागावर लिहिल्यास मजकूर बिघडण्याचा संभव असतो.

यंत्रात वेगवान 'एसएसडी' आणि मोठी हार्ड डिस्क अशा दोन असतील तर प्रणाली एसएसडीवर व कागदपत्रे हार्ड डिस्कवर ठेवावीत.

डी ड्राइव्ह वाचला, तरी कागद गेले!

विभागणी उत्तम असूनही नुकसान होते, ते बहुधा पुढील कारणांनी.

पहिले कारण असे की, आपल्या फाइली डी ड्राइव्हवर आहेत असे पुष्कळांस वाटते, पण त्या तेथे नसतात. डेस्कटॉपवर, म्हणजे पडद्यावर समोर दिसणाऱ्या फाइली, तसेच 'डॉक्युमेंट्स' व 'डाउनलोड्स' यांतील फाइली मूलतः सी ड्राइव्हवर राहतात. सी ड्राइव्ह पुसला की त्याही पुसल्या जातात. एखाद्या मुख्याध्यापकांनी दहा वर्षांचे निकालपत्रक सोयीसाठी डेस्कटॉपवर ठेवले असेल, तर डी ड्राइव्ह सुखरूप असूनही निकालपत्रक मात्र जाईल. उपाय सोपा आहे. 'डॉक्युमेंट्स' या फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'लोकेशन' बदलून ते डी ड्राइव्हवर न्यावे. आणि स्थापनेपूर्वी डेस्कटॉप अवश्य तपासावा.

दुसरे कारण मराठी टंकलेखनाशी निगडित आहे. युनिकोड प्रचारात येण्यापूर्वी आपल्याकडील बहुसंख्य मजकूर निरनिराळ्या जुन्या फाँटांत टंकलेला आहे. हे फाँट सी ड्राइव्हवरील विंडोजच्या फोल्डरात असतात. फाइल डी ड्राइव्हवर सुरक्षित राहिली तरी फाँट नाहीसा झाल्यास उघडल्यावर तीत निरर्थक रोमन अक्षरे व चिन्हे दिसतात. मजकूर नष्ट झालेला नसतो, पण वाचताही येत नाही. आणि वीस वर्षांपूर्वीचा तोच फाँट पुन्हा मिळेल याचा भरवसा नसतो. यास्तव फाँटच्या फाइलींची प्रत आधी काढून ठेवावी. महत्त्वाचे जुने दस्तऐवज युनिकोडमध्ये रूपांतरित करून, किंवा निदान त्यांच्या पीडीएफ प्रती करून ठेवणे अधिक श्रेयस्कर.

तिसरे कारण स्थापनेच्या वेळी केलेल्या निवडीचे. लिनक्स बसविताना साधारणतः तीन पर्याय पुढे येतात : संपूर्ण डिस्क पुसून बसविणे, असलेल्या प्रणालीच्या शेजारी बसविणे आणि स्वतः विभागणी करणे. यांतील पहिला पर्याय सर्वांत सोपा वाटतो. परंतु तो केवळ सी ड्राइव्ह नव्हे, तर डी, ई इत्यादी सर्व भाग पुसतो. विंडोजच्या स्थापनेत भागांची यादी 'पार्टिशन १, पार्टिशन २' अशा क्रमांकांनी दिसते; सी व डी ही परिचित अक्षरे तेथे असतीलच असे नाही. अशा वेळी अंदाजाने भाग निवडणे म्हणजे सर्व्हे नंबर न पाहता दुसऱ्याच्या जमिनीत नांगर घालण्यासारखे होय.

चौथे कारण वीजपुरवठ्याचे. पार्टिशन लहान-मोठे करताना पुष्कळदा मजकूर एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवावा लागतो. डिस्कवरील एखाद्या भागाच्या शेवटची जागा कमी करणे तुलनेने सोपे. पण त्याची सुरुवात मागे-पुढे सरकवावयाची तर संपूर्ण मजकूर उचलावा लागतो व त्यास कित्येक तास लागू शकतात. मध्येच वीज गेल्यास तो भाग अर्धवट अवस्थेत राहतो. पावसाळ्यात गडगडाट सुरू असताना हे काम हाती घेऊच नये; एरवीही यूपीएस किंवा चांगली बॅटरी असल्याशिवाय ते करू नये.

स्थापनेपूर्वीची तयारी

१. सर्व आवश्यक फाइलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या साधनांवर काढाव्यात. त्यांपैकी एक दुसऱ्या इमारतीत ठेवावी. प्रत काढल्यावर चार-दोन फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे.

२. प्रत्येक पार्टिशनला 'शाळा-नोंदी', 'प्रणाली' असे स्पष्ट नाव द्यावे.

३. भागांचे नाव, आकार व मांडणी यांचा तक्ता कागदावर लिहून समोर ठेवावा. स्थापनेच्या पडद्यावर आकारावरून भाग ओळखता येतो.

४. यंत्रावर 'बिटलॉकर' हे संकेतरक्षण चालू आहे काय ते पाहावे. असल्यास त्याची ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली लिहून घ्यावी. यंत्राच्या सुरुवातीच्या मांडणीत बदल झाल्यावर ती मागितली जाऊ शकते व तिच्याविना आतील मजकूर उघडत नाही.

५. विंडोजचा भाग लहान करावयाचा असल्यास तो विंडोजच्याच 'डिस्क मॅनेजमेंट'मधून करावा.

६. लिनक्स पुन्हा बसविताना जुन्या होम भागासमोरील 'फॉरमॅट' या चौकोनात खूण नाही, याची दोनदा खात्री करावी.

७. स्थापनेचा पेनड्राइव्ह लावताना प्रती असलेली बाह्य डिस्क यंत्रापासून काढून ठेवावी, म्हणजे चुकून तीच पुसली जाणार नाही.

चूक झालीच तर

सर्व काळजी घेऊनही चुकीचा भाग पुसला गेला, तर पहिली गोष्ट म्हणजे थांबावे व यंत्र बंद करावे. हार्ड डिस्कवर पार्टिशनची नोंद पुसली तरी आतील मजकूर लगेच नाहीसा होत नाही. त्यावर दुसरे काही लिहिले गेले म्हणजेच तो जातो. 'टेस्टडिस्क'सारख्या मोफत साधनाने हरवलेली नोंद पुन्हा शोधता येते. हे काम जाणकाराकडून करवून घ्यावे व सापडलेला मजकूर त्याच डिस्कवर न उतरविता दुसऱ्या डिस्कवर घ्यावा. एसएसडीच्या बाबतीत मात्र ही आशा फार थोडी. पुसलेली जागा ती स्वतःच रिकामी करून टाकते.

समारोप

डिस्कची विभागणी हे अर्ध्या तासाचे काम आहे. परंतु त्याचे परिणाम पुढील पाच-सात वर्षे भोगावयाचे असतात. प्रणाली पुन्हा मिळते, यंत्रही नवे घेता येते; पण गावच्या शाळेतून शिकून गेलेल्या मुलांच्या नोंदी एकदा गेल्या तर त्या कोणत्याही दुकानात मिळत नाहीत. दुरुस्तीस यंत्र देताना 'फॉरमॅट करून द्या' एवढेच न सांगता कोणता भाग पुसावयाचा व कोणता राखावयाचा, हे तक्त्यासह लेखी द्यावे. वाचकांनी, विशेषतः शिक्षक व पंचायत-सचिवांनी, आपल्या संगणकाचा असा एक तक्ता आजच करून कपाटाच्या दारावर आतून चिकटवावा. पुढे यंत्र कोणाच्याही हाती गेले तरी तो कागद उपयोगी पडेल.